नंबर उणे १४, डोळ्याची लांबी साडेबावीस: मग दुखणं नेमकं कुठे आहे?

हिंगोली जिल्ह्यातल्या एका शिक्षकाने धाकट्या भावाबद्दल विचारलं आहे. भाऊ २२ वर्षांचा. पहिलीत असल्यापासून जाड भिंगाचा चष्मा, आताचा नंबर उणे १४. सात-आठ वर्षांचा होता तेव्हापासून दिवेलागण झाली की ठेचकाळतो. सोळाव्या वर्षी ‘पडदा सुकत चाललाय, याला इलाज नाही’ असं सांगितलं गेलं आणि घरच्यांनी दवाखान्याचा नाद सोडला. आता सहा महिने झाले, संध्याकाळी डोकं ठणकतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, दोनदा उलट्या झाल्या. तपासलं तर डोळ्यातला दाब उजवीकडे ३८ आणि डावीकडे ३४ निघाला. एक डॉक्टर म्हणाले लेसर करा. दुसरे म्हणाले भिंगच काढावं लागेल. तिसरे म्हणाले, पडदाच गेलाय, ऑपरेशनवर पैसा कशाला घालता? आईवडील नात्यातले, म्हणजे आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आणि शेवटी एक ओळ आहे, ती मला बाकी सगळ्यापेक्षा जड वाटली: “मॅडम, बहिणीचं लग्न मामाच्याच मुलाशी ठरत आलंय. हे त्यांना सांगावं का?”

सर, मी लातुरात गेली २६ वर्षं डोळ्यांचंच काम करते, त्यातही काचबिंदू जास्त. तुम्ही पाठवलेले सहाही कागद नीट वाचले. पण कागद वाचणं वेगळं आणि डोळा बघणं वेगळं. त्यामुळे जिथे मी ‘बहुतेक’ म्हणेन तिथे तो शब्द सोडून पुढे जाऊ नका.

तुम्हाला वाटतंय की तीन डॉक्टरांनी एकाच प्रश्नाची तीन उत्तरं दिली. मला तसं वाटत नाही. त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. तुमच्या भावाच्या डोळ्यात माझ्या अंदाजाने दोन दुर्मीळ दुखणी जन्मापासून शेजारी शेजारी नांदताहेत, आणि त्यातल्या एकाच्या पोटी तिसरं जन्माला आलंय. हे तिसरं म्हणजे काचबिंदू. दुसऱ्या कुठल्या तरी आजारातून निपजलेला, म्हणून आम्ही त्याला दुय्यम काचबिंदू म्हणतो. ‘दुय्यम’ म्हटल्यावर लोकांना तो कमी महत्त्वाचा वाटतो. इथे उलट आहे. या घडीला तोच पहिला आहे.

पहिलं दुखणं तुम्हाला माहीत आहे: रेटिनायटिस पिगमेंटोसा, बोलीत आरपी. जगात साधारण ४,००० माणसांमागे एकाला असतो असं पुस्तकं सांगतात. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत मात्र प्रौढांमध्ये ७५० मागे एक इतकं प्रमाण आढळलं होतं. माझ्या ओपीडीचा अनुभव त्या दुसऱ्या आकड्याकडेच झुकतो. यात डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या, अंधारात बघायला लागणाऱ्या दंडपेशी आधी मरतात, म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग कडेकडेची नजर जाते आणि नळीतून बघावं तसं मधलंच तेवढं दिसत राहतं. माणूस पुस्तक वाचतो, पण पायाजवळची बादली त्याला दिसत नाही. घरचे म्हणतात, ‘ह्याचं ध्यान नसतंय कामात.’ ध्यान असतं हो, नजर नसते.

आता दुसरं. ते तुमच्या कागदांवर कुणीच नाव घेऊन लिहिलेलं नाही, पण आकड्यांत उघडं पडलंय. चौथा कागद काढा. मोतीबिंदूच्या आधी भिंगाचा नंबर काढायला जी मोजणी करतात, ती कुणीतरी केली आहे. त्यात डोळ्याची लांबी उजवीकडे २२.६ आणि डावीकडे २२.५ मिलिमीटर लिहिली आहे. उणे नंबर मोठा असतो तो बहुतेकांचा डोळा लांब असतो म्हणून. लांबी एक मिलिमीटरने वाढली की नंबर साधारण अडीच-तीनने वाढतो. उणे १४ नंबरचा डोळा २८ मिलिमीटरच्या आसपास निघायला हवा. तुमच्या भावाचा डोळा लांबीला अगदी सर्वसाधारण आहे. मग हा नंबर आला कुठून?

भिंगातून. आपल्या डोळ्यातलं भिंग मसुरीच्या दाण्यासारखं असतं, पसरट आणि चपटं. काही लेकरं जन्मतःच असं भिंग घेऊन येतात की ते घेराला लहान आणि जाडीला फुगीर, सोयाबीनच्या दाण्यासारखं गरगरीत असतं. त्याला मायक्रोस्फेरोफेकिया म्हणतात. गोल भिंग प्रकाश जास्त वाकवतं, म्हणून नंबर मोठा. त्याच कागदावर भिंगाची जाडी ५.१ आहे. या वयात ती चारच्या आत असायला हवी. आणि बुबुळामागची पाण्याची जागा फक्त १.७ मिलिमीटर खोल आहे, जी साधारण तीन असते. मोठ्या उणे नंबरवाल्याच्या डोळ्यात ही जागा उलट खोल सापडते. मोठा उणे नंबर आणि उथळ जागा हे दोन्ही एका डोळ्यात दिसलं की डॉक्टरने खुर्चीत जरा सरळ होऊन बसावं.

भिंग गोल असल्याने दाब का वाढतो, हे समजलं की पुढचं सगळं समजेल, म्हणून इथे जरा थांबते. डोळ्यात सतत पाणी तयार होत असतं. अश्रू नव्हेत, आतलं पाणी. ते बाहुलीच्या रंगीत पडद्यामागे तयार होतं, बाहुलीच्या भोकातून पुढे येतं आणि पडद्याच्या मुळाशी कोपऱ्यात एक बारीक जाळी असते तिच्यातून निचरतं. मोरीची जाळी म्हणा. गोल भिंग पुढे सरकून बाहुलीच्या भोकात बुचासारखं बसतं. पाणी मागे तुंबतं, रंगीत पडदा पुढे फुगतो आणि कोपऱ्यातल्या जाळीवर जाऊन चिकटतो. आता मागचं दारही बंद आणि मोरीही बंद. दाब ३८ होतो तो असा. नेहमीचा दाब १० ते २१ च्या दरम्यान असतो.

आणि या भिंगाला धरून ठेवणारे धागेही कच्चे असतात. त्यामुळे ते आज थोडं पुढे, उद्या थोडं मागे, कधी तिरकं. दुखणं संध्याकाळी वाढतं आणि सकाळी भाऊ ठणठणीत दिसतो, त्याचं कारण बहुतेक यातच आहे. सकाळच्या ओपीडीत दाब मोजून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. पण दोनदा उलट्या झाल्या तेव्हा तुम्ही काय केलं असेल हेही मला माहीत आहे: पित्त झालं म्हणून सोडा पाजला असेल. आपल्याकडे डोकेदुखी आणि उलटी म्हटलं की पित्तच. डोळा लाल, दिव्याला कडी, डोकं आणि उलटी असं एकत्र आलं तर ते पित्त नाही. त्या रात्रीच डोळ्याच्या दवाखान्यात जायचं, सकाळची एसटी धरायची नाही.

मी स्वतः यात चुकलेली आहे, ते सांगितलं नाही तर हे उत्तर अर्धवट राहील. प्रॅक्टिसची पहिली काही वर्षं होती. औसा तालुक्यातला एक मुलगा, चौदा-पंधरा वर्षांचा, जाड चष्मा, दाब ३०. कोपरा बंद दिसला. कोपरा बंद असलेल्या काचबिंदूत बाहुली बारीक करणारे पिलोकार्पिनचे थेंब घालायचे, हे पाठ होतं. घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाब ४६ आणि पोरगं कण्हत होतं. मी घाबरून माझ्या सरांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, “भिंगाची कड बघितलीस का?” मी बघितली नव्हती. ते थेंब भिंगाचे धागे सैल सोडतात. सैल सुटलेलं भिंग अजून गोल होतं आणि अजून पुढे येतं. म्हणजे मी बूच काढायला गेले आणि हातोडीने आत ठोकून आले. थेंब बंद केले, उलट बाहुली मोठी करून धागे ताणणारे ॲट्रोपिनचे थेंब घातले, मुलाला उताणं झोपवलं. संध्याकाळपर्यंत दाब २४ वर आला. बाहुली पूर्ण मोठी झाल्यावर मशीनखाली भिंगाची गोल कड सगळीकडून सोनेरी तारेसारखी चमकताना दिसली. नेहमीच्या डोळ्यात ही कड दिसत नाही, कारण भिंग बाहुलीपेक्षा बरंच मोठं असतं. तो दिवस मी विसरले नाही.

ही गोष्ट वाचून घरी ॲट्रोपिन आणून घालू नका, हात जोडून सांगते. नेहमीच्या बंद कोपऱ्याच्या काचबिंदूत हेच थेंब डोळा घालवू शकतात. एका दुखण्यातलं औषध दुसऱ्यात विष आहे, आणि कुठलं दुखणं आहे हे मशीनखाली बघूनच ठरतं. तसंच मेडिकलवरून मिळणारे लाली घालवायचे थेंब. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत स्टिरॉइड असतं आणि ते महिनोन्‌महिने घातलं तर स्वतःच दाब वाढवतं. भाऊ असं काही घालत असेल तर डॉक्टरांना बाटलीच दाखवा, नाव आठवत बसू नका.

आता तिसऱ्या डॉक्टरांच्या म्हणण्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्या एका वाक्याने होतं. ‘पडदाच गेलाय.’ तुमच्या फिल्ड टेस्टचा, म्हणजे नजरेचा आवाका मोजणाऱ्या तपासणीचा, कागद काळाभोर आहे, खरंय. पण ते काळं कुणी केलं? आरपीही कडेची नजर खातो आणि काचबिंदूही कडेची नजर खातो. कागदावर दोघांची काळी शाई सारखीच दिसते. म्हणून मी अशा पेशंटमध्ये फिल्डच्या आधी डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस बघते. आरपीत डोळ्याची नस मेणासारखी फिकट पडते, पण तिच्यात खोल खळगा पडत नाही. खळगा पडतो तो दाबाने. तुमच्या कागदावर उजव्या नशीचा खळगा ०.९ आणि डाव्या नशीचा ०.८ लिहिलाय. म्हणजे नशीचा बहुतेक भाग कोरला गेलाय, नुसती कडेची किनार उरली आहे. एवढी कोरणी आरपीच्या नावावर टाकता येत नाही. त्या काळ्या कागदात काचबिंदूचा वाटा मोठा आहे, असं माझं मत आहे.

आणि फरक तिथेच आहे. पडद्याच्या पेशी मरणं आज आपण थांबवू शकत नाही. एका विशिष्ट जनुकाच्या दोषासाठी, आरपीई६५ त्याचं नाव, २०१७ मध्ये अमेरिकेत जनुक-उपचाराला मंजुरी मिळाली. पण तो दोष आरपीच्या फार थोड्या पेशंटांत असतो आणि किंमत अशी की आकडा सांगून तुमचं मन दुखवायचं नाही. दाब मात्र उतरवता येतो. आजही, इथेही. चष्म्याने दोन्ही डोळ्यांना ६/१८ दिसतंय असं दुसऱ्या कागदावर आहे. म्हणजे मधली खिडकी उघडी आहे. आरपी ती खिडकी वर्षानुवर्षं हळूहळू बारीक करतो, कित्येकांना पन्नाशीपर्यंत वाचता येतं. ३८ चा दाब ती काही महिन्यांत बंद करू शकतो. ‘इलाज नाही’ हे वाक्य पहिल्या दुखण्याबद्दल खरं होतं. ते सोळाव्या वर्षी डोळ्यावर चिकटलं आणि त्याच्या आडोशाला दुसरं दुखणं सहा वर्षं वाढत राहिलं.

इथवरचं एकत्र सांगते. आरपी आहे, तो थांबत नाही, पण सावकाश चालतो. भिंग गोल आणि सैल आहे, त्यामुळे कोपरा बंद होऊन दाब वाढलाय. नशीचं नुकसान बहुतेक दाबाने झालंय, आणि थांबवण्यासारखी गोष्ट तीच आहे. म्हणून ऑपरेशन ‘कशाला’ हा प्रश्न उरत नाही. ‘कुठलं आणि केव्हा’ एवढाच उरतो.

यातलं ‘कुठलं’ मी इथे बसून ठरवू शकत नाही. कारण ज्या एका तपासणीवर ते ठरतं, ती तुमच्या सहाही कागदांवर नाही. तिचं नाव गोनिओस्कोपी. बुबुळावर छोटं आरशाचं भिंग टेकवून कोपऱ्यातली जाळी प्रत्यक्ष बघतात. पाच मिनिटं लागतात, भुलीचे थेंब घालतात, दुखत नाही. त्यासाठी महागडं यंत्रही लागत नाही. तरी ती राहून जाते. एवढं विचारा की जाळी नुसती झाकली गेली आहे की रंगीत पडदा तिला कायमचा चिकटला आहे, आणि चिकटला असेल तर किती भागात?

नुसती झाकली असेल तर पहिल्या डॉक्टरांचं लेसर बरोबर आहे. त्यात रंगीत पडद्याला कडेला बारीकसं भोक पाडतात, म्हणजे बाहुलीचं दार बंद असलं तरी पाण्याला खिडकी मिळते. दोन्ही डोळ्यांना करायचं. मी जवळजवळ प्रत्येक अशा पेशंटला आधी हे करते. पण लेसरनंतर भिंग तेवढंच गोल राहतं आणि मागून ढकलत राहतं. म्हणून आठवड्या-दोन आठवड्यांनी कोपरा पुन्हा बघायचा. उघडला नाही, किंवा दाब थेंबांनीही आटोक्यात नाही, तर दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरतं. दुखण्याचं मूळ भिंगात आहे, ते काढायचं. म्हणजे पहिल्या दोघांत भांडण नाहीच, एकाचं म्हणणं पहिली पायरी आहे आणि दुसऱ्याचं दुसरी.

भिंग काढणं म्हणजे शिबिरातलं मोतीबिंदूचं ऑपरेशन नव्हे, हे मात्र लक्षात घ्या. धागे कच्चे असल्याने भिंगाभोवतीची पातळ पिशवी हलते, कधी आधारासाठी आत कडं बसवावं लागतं, कधी पिशवीसकट सगळं काढून नवं भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भागाला अडकवावं लागतं. आरपीच्या डोळ्यात पिशवी नंतर आकसते आणि पडद्याच्या मध्यावर सूजही येऊ शकते. काढल्यावर मोठा नंबर उतरतो, हा यातला फायदा. जाळी अर्ध्याहून जास्त कायमची चिकटलेली असेल तर नुसतं भिंग काढून भागत नाही, पाण्याला नवी वाट करून देणारं काचबिंदूचं ऑपरेशनही लागतं. आणि नस इतकी कोरलेली असताना त्या ऑपरेशननंतर उरलेली मधली नजर अचानक जाण्याचा धोका थोडा का होईना असतो. क्वचित होतं, पण होतं. हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं नसेल तर त्यांना विचारा, आणि ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर भरवसा वाढवा.

मी असते तर काय केलं असतं? दाब औषधांनी आधी खाली आणला असता, लेसर केलं असतं, कोपरा पुन्हा बघून साधारण महिनाभरात ज्या डोळ्याची अवस्था जास्त वाईट त्याचं भिंग काढायचं की नाही ते ठरवलं असतं. दोन्ही डोळे एकाच दिवशी कधीच नाही.

तोवर चालू असलेले थेंब एक दिवसही चुकवू नका. कागदावर टिमोलॉल दिसतंय. भावाला दमा असेल, लहानपणी धाप लागायची असं असेल, तर ते डॉक्टरांना आजच सांगा, कारण ते थेंब डोळ्यातून नाकात आणि तिथून छातीपर्यंत पोचतात. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा, हे साधं काम फार उपयोगी आहे. दाब उतरवणाऱ्या ॲसिटाझोलामाइडच्या गोळीने बोटांना मुंग्या येतील, लघवी जास्त होईल. त्याला घाबरू नका. सल्फाची ॲलर्जी किंवा मुतखडा असेल तर मात्र ती गोळी घेऊ नये. गंमत म्हणजे आरपीत पडद्याच्या मध्यावर जी सूज येते, तिच्यावरही हेच औषध चालतं. दोन दुखण्यांना एक गोळी लागू पडावी, असं आमच्या शाखेत फारसं घडत नाही. याउलट लॅटानोप्रोस्टसारखे काही थेंब ती सूज वाढवू शकतात, म्हणून ते लिहिताना डॉक्टरांना आरपी असल्याचं माहीत हवं. पालथं झोपणं बंद. त्याने भिंग पुढे येतं.

आता हे दोन दुर्मीळ आजार एकाच पोरात का? चाळीशीच्या आतली असते तर मी ठासून सांगितलं असतं की दोन दुर्मीळ गोष्टी एकत्र दिसल्या तर मूळ एकच शोधावं. पाठ्यपुस्तकं तेच शिकवतात. आपल्या भागात एवढी वर्षं काढल्यावर मी तो नियम जरा हातचा राखून वापरते. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय. खाली कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेकडे मामा-भाचीचीही होतात. प्रत्येक माणसाच्या अंगात काही सदोष जनुकं सुप्त असतात आणि जोडीचं दुसरं चांगलं असल्याने ती गप्प राहतात. नवरा-बायको एकाच आजोबांची नातवंडं असतील तर दोघांकडून तोच सदोष तुकडा येण्याची शक्यता वाढते. अशा घरात एकाऐवजी दोन वेगवेगळे तुकडे जोडीने उघडे पडू शकतात. म्हणून एक मूळ असेल किंवा दोनही असतील. कुणाच्या पापाचा, ग्रहणाचा, गरोदरपणी पाहिलेल्या कशाचा यात संबंध नाही. हे आईला माझ्या नावाने सांगा.

एक मूळ शोधायचं तर डोळ्याबाहेर बघावं लागतं, आणि ते तुम्ही घरीच बघू शकता. भाऊ घरातल्या इतरांपेक्षा बुटका आहे का? हाताची बोटं आखूड, जाडसर, मूठ पूर्ण न वळणारी आहेत का? तसं असेल तर वाइल-मार्केझानी नावाचा विकार मनात येतो. १९३२ मध्ये वाइल यांनी आणि १९३९ मध्ये मार्केझानी यांनी तो नोंदवला. गोल भिंग हे त्याचं मुख्य लक्षण. आरपी त्यात सहसा येत नाही. उलट उंच, सडपातळ, लांब बोटांचा असेल तर मारफान नावाचा दुसरा जन्मजात विकार, आणि मग हृदयाची इको तपासणी करावीच लागते. पूर्ण भूल देण्याआधी रक्तातलं होमोसिस्टीन नावाचं द्रव्य मात्र मी कुठल्याही सैल भिंगाच्या तरुण पेशंटचं तपासून घेते, बोटं कशीही असोत. ते वाढलेलं असेल तर भुलीत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो, आणि काहींना साध्या बी-६ जीवनसत्त्वाने फायदाही होतो. एका रक्ततपासणीत एवढं कळत असेल तर ती टाळण्यात अर्थ नाही.

कुठे जायचं, हेही विचारलंय. तपासणी आणि लेसर मराठवाड्यातच होईल. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, जालन्याचं श्री गणपती नेत्रालय, उदगीरचं लायन्स नेत्र रुग्णालय, जवळचं पकडा. गोनिओस्कोपी कोण रोज करतं ते विचारून जा, इमारत बघून नको. भिंगाचं ऑपरेशन आणि जनुक तपासणी मात्र मी हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत पाठवेन. काचबिंदू, पडदा आणि अनुवंशशास्त्र हे तिन्ही विभाग तिथे एका छताखाली आहेत आणि नांदेडहून रेल्वेने जाता येतं. आधी घरात मामांना, काकांना विचारून मग ठरवू, असं करत दोन महिने घालवू नका.

अपंगत्वाच्या दाखल्याचं कुणी सांगितलं नसेल. २०१६ च्या कायद्यानुसार नजर ६/६ असली तरी दिसण्याचा आवाका १० अंशांपेक्षा कमी असेल तर तो अंधत्वात धरतात, आणि ४० अंशांपासून १० पर्यंत असेल तर अल्पदृष्टीत. वाचता येतंय म्हणून दाखला मिळणार नाही, असं समजून बरेच जण अर्जच करत नाहीत. फिल्डचा कागद जोडून अर्ज करा. आणि भाऊ अंधार पडल्यावर मोटारसायकल चालवत असेल तर चावी आजच काढून घ्या. दिवसाही चालवू नये असं माझं मत, पण रात्रीबद्दल तर वादच नको.

राहिली बहीण. तुम्ही ‘सांगावं का’ असं विचारलंत, पण त्याआधी तिचे स्वतःचे डोळे तपासलेत का? पत्रात ते कुठेच नाही. गोल भिंग किंवा आरपीची सुरुवात तिच्यातही असू शकते, भले तिला चष्मा नसो. तिचे डोळे पूर्ण निरोगी निघाले आणि भावाचा दोष दोन्ही पालकांकडून आलेल्या प्रकारचा असेल, तर ती तो दोष सुप्तपणे बाळगत असण्याची शक्यता तीनात दोन आहे. नात्याबाहेर लग्न झालं तर तिच्या लेकरांना धोका अगदी थोडा. मामाच्याच मुलाशी झालं तर तो बराच वाढतो, कारण त्याच्याही अंगात तोच तुकडा असू शकतो. दोघेही सुप्त वाहक निघाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता. आरपीचा एक प्रकार आईकडून मुलाकडे येणाराही असतो, त्याचं गणित निराळं. म्हणून भावाच्या रक्ताची जनुक तपासणी आधी, बहिणीची आणि त्या मुलाची त्याच्या निकालाप्रमाणे मग. सोयरीक मोडायचा सल्ला मी देत नाही, तो माझा अधिकार नाही. पण तारीख काढण्याआधी हे दोन-तीन महिने थांबवा, असं मी मामांनाही तोंडावर सांगेन. आणि पहिल्यांदा हे बहिणीला स्वतःला कळायला हवं, मामांना नंतर.

हैदराबादला जाताना आजवरचे सगळे चष्म्याचे कागद घ्या, पहिलीतला जुना चष्मा पेटीत पडला असेल तर तोही. नंबर कुठल्या वयात किती होता, यावरून भिंगाचा इतिहास कळतो. आणि गाडीत चौघांचीच जागा असेल तर काकांना घरी ठेवा, बहिणीला न्या.